बाराच्या वरची गाडी आणि आमचे मिनिट्स

गोष्ट मागच्या सीझनची आहे. आमची टीम सहा जणांची, ऑफिस म्हणावं असं काही नाही, प्रताप नगरात दोन खोल्या होत्या त्या लॉकडाऊनमध्ये सोडल्या आणि मग परत घ्यायचं कोणी नावच काढलं नाही. मी त्रिमूर्ती नगरात घरून काम करते, दोघं नागपुरातच पण एक मानेवाड्याला आणि एक जरीपटक्याला, म्हणजे भेट वर्षातून दोनदा झाली तर झाली. ॲप बनवणारा पुण्याला, टेस्टिंगवाली अमरावतीला, आणि सर्व्हर सांभाळणारा आमचा जुना दोस्त टोरांटोला, तो त्याच्या तिकडच्या नोकरीतून उरलेल्या वेळात आमचं काम करतो.

काम काय तर जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदारांसाठी, ॲप. कापसाची गाडी आली, काट्यावर वजन झालं, ओलावा मोजला, भाव लावला, पावती निघाली. ऐकायला सोपं आहे. यवतमाळ जिल्ह्यातले एक जिनिंगवाले आमचे क्लायंट होते, त्यांना आपण शेठजीच म्हणू, आम्हीही तेच म्हणतो.

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी, मंगळवारी रात्री साडेआठला आमची मीटिंग होती. झूम, फुकटवालं. फुकटवाल्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा असते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वेळी आम्ही पहिली पंधरा मिनिटं "आवाज येऊन राहिला का, आता येऊन राहिला का" यातच घालवतो. विषय पाच होते, ओलाव्याचा चौथा. शेठजी जिनिंगवरूनच मोबाइलवर जोडलेले, मागे मशीन सुरू. तिकडे टोरांटोला सकाळचे अकरा, तो त्याच्या ऑफिसात, त्यामुळे तो नव्हता, त्याला नंतर मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, जाणार होती.

चाळिसाव्या मिनिटाला, ओलाव्याच्या टक्क्यांवर बोलता बोलता, शेठजी म्हणाले, "आठच्या वर भावात कापा. बाराच्या वर आली तर बंद नका करू, मले..." आणि झूम कटलं. म्हणजे ते पुढचं बोलले असतील, आम्हाला ऐकू आलं नाही. पुणेवाल्याचं नेट तर त्याआधीच अडखळत होतं, त्याला "बाराच्या वर आली तर बंद" एवढंच गेलं.

दुसरी लिंक मी टाकली. त्यावर मी, शेठजी आणि अमरावतीवाली एवढेच आलो, बाकीच्यांना वाटलं संपली मीटिंग. पुणेवाला सहा-सात मिनिटांनी आला तोवर ओलाव्याचा विषय होऊन गेला होता आणि आम्ही पावतीवरच्या लोगोवर बोलत होतो. लोगोवर आम्ही भरपूर बोललो, हे मला चांगलं आठवते.

ठरलं काय होतं ते आता लिहिते: बाराच्या वर ओलावा असला तरी गाडीचं वजन घ्यायचं, माल वेगळ्या गंजीत टाकायचा, पावती बनवायची पण भावाची जागा रिकामी, भाव शेठजी स्वतः नंतर टाकणार. एका ओळीचा निर्णय आहे. आणि या एका ओळीच्या चार आवृत्त्या झाल्या.

पहिली माझी. मीटिंग संपल्या संपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "१२ च्या वर शेठजींची परवानगी." पोळ्या व्हायच्या होत्या, घाईत टाकलं. दुसरी अमरावतीवालीची, तिनं स्वतःहून गूगल डॉक उघडून व्यवस्थित लिहिलं, गंजी, पावती, रिकामा भाव, सगळं, आणि लिंक ग्रुपवर टाकली. त्या लिंकच्या खाली लगेच कोणीतरी वाढदिवसाचा केक टाकला आणि तीस जणांच्या... नाही, सहाच जणांच्या ग्रुपवर तीस शुभेच्छा आल्या. तिसरी आवृत्ती पुणेवाल्याच्या डोक्यात: बाराच्या वर बंद. त्यानं खात्री करायला म्हणून इंटरनेटवर पाहिलंही बरं का, आणि तिथं त्याला सीसीआयचा, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाचा, नियम सापडला, की हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरतात, ८ ते १२ मध्ये भाव त्या प्रमाणात कमी होतो आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. झालं, त्याला वाटलं आपण बरोबर ऐकलं. आता आमचे शेठजी काही सीसीआय नाहीत, खासगी जिनिंग आहे, ते ओला कापूसही घेतात, भाव पाडून घेतात, पण हे पुण्याला बसून कसं कळणार. चौथी टोरांटोवाल्याची. त्यानं माझा मेसेज वाचला, परवानगी म्हणजे परवानगी मिळेपर्यंत पावती नाही, आणि सर्व्हरवर तसा नियम टाकून दिला. परवानगी द्यायची स्क्रीन पुणेवाला बनवेल असं त्यानं धरलं. पुणेवाल्याला अशी काही स्क्रीन असते हेच माहीत नव्हतं.

मुहूर्ताचा दिवस

दसऱ्याला जिनिंगवर मुहूर्ताचा काटा होता. काट्याची पूजा, पहिल्या गाडीवाल्याला शाल-श्रीफळ, फोटो. आणि ऑक्टोबरातला कापूस म्हणजे पहिल्या वेच्याचा, दव आणि परतीचा पाऊस खाल्लेला, त्यात ओलावा जास्तच राहतो. पहिल्या गाडीला मीटर लावलं तर चौदा. ॲप म्हणे अमान्य. शाल अंगावर घेऊन तो माणूस उभा, हातात नारळ, आणि जिनिंगचा हिशेब पाहणारे दिवाणजी मोबाइलवर बोट आपटून राहिले.

मी कुठं होती? दसऱ्याला नागपूर म्हणजे दीक्षाभूमी. १९५६ साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून अशोक विजयादशमीला देशभरातून लोक येतात आणि आमच्या गल्लीतले लोक दर वर्षी भोजनदानाचा स्टॉल लावतात. मी तिथं भाजी वाढत होती. लॅपटॉप घरी, रस्ते बंद, आणि एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेट म्हणजे नावालाच. दिवाणजींचा फोन तीनदा लागून कटला. चौथ्यांदा एवढंच ऐकू आलं, "मॅडम, तुमचं ॲप गाडी घेऊन नाही राहिलं जी."

सकाळचे दहा, म्हणजे टोरांटोला रात्रीचे साडेबारा. तो झोपला होता. पुणेवाला म्हणाला ॲप बरोबर चालून राहिलं आहे, बाराच्या वर बंदच करायचं होतं ना. मी म्हटलं नाही, परवानगी. तो म्हणाला कसली परवानगी. हे सगळं मी एका हातात वरणाचं पातेलं धरून बोलत होती. दिवाणजी शहाणे माणूस, त्यांनी कपाटातून जुनं पावतीबुक काढलं आणि दुपारपर्यंत सगळ्या पावत्या हातानं फाडल्या. टोरांटोवाला पहाटे उठला तेव्हा त्यानं सर्व्हरवरचा नियम काढला. शेठजी मला काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी आपट्याच्या पानाचा फोटो आला आणि खाली, "पुढल्या वर्षी पाहू."

कुठं काय लिहिलं होतं ते मी नंतर शोधलं

दोन दिवसांनी मी सगळं जमवायला बसली. आधी रेकॉर्डिंग. फुकटच्या झूममध्ये रेकॉर्डिंग आपल्याच कॉम्प्युटरवर होतं आणि मीटिंग संपल्यावर त्याची व्हिडिओ फाइल बनायला वेळ लागतो, मी लॅपटॉप झाकून स्वयंपाकाला गेली होती, त्यामुळे फोल्डरमध्ये "डबल क्लिक टू कन्व्हर्ट" नावाची अर्धवट फाइल पडून होती. ती केली कन्व्हर्ट, चाळीस मिनिटं ऐकली, आणि ती शेठजींच्या "मले" वर संपते. दुसऱ्या लिंकवर रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलंच होतं.

मग अमरावतीवालीचा डॉक उघडला. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. सगळं लिहिलेलं, तारखेसकट, अगदी बरोबर. आणि बाजूला तिचीच एक कमेंट, दसऱ्याच्या आठ दिवस आधीची: "१२.४ टाकलं तर एरर येऊन राहिला, पावती बनायला पाहिजे ना?" कोणाला टॅग केलेलं नव्हतं, डॉक तिच्या स्वतःच्या अकाउंटवरचा, त्यामुळे कोणालाच मेल गेला नाही. तिला वाटलं आम्ही पाहिलं असेल. मी तिला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, मी तर लिंक टाकली होती." टाकली होतीच. केकच्या वर आहे अजून.

यावर टीममध्ये पहिलं मत पडलं की आता सगळं रेकॉर्ड करू आणि पैसे भरून झूम घेऊ. घेतलं. महिनाभर प्रत्येक मीटिंग रेकॉर्ड केली, ड्राइव्हवर चढवली, आणि गूगलची फुकटची १५ जीबी, जी मेल आणि फोटोंसकट एकच असते, ती माझी भरत आली. किती जणांनी किती रेकॉर्डिंग ऐकली? टोरांटोवाल्यानं एक, तीही दीडपट वेगानं, आणि म्हणाला की तुम्ही सगळे खारुताईसारखे ऐकू येता. तासाभराची मीटिंग ऐकायला तास लागतो, कोण ऐकणार.

मग जरीपटकावाल्यानं एआयवाला नोट घेणारा लावून पाहिला. आमची भाषा म्हणजे अर्धी मराठी, पाव हिंदी, उरलेली इंग्रजी, आणि त्यात शेठजींची वऱ्हाडी. "बाराच्या वर" चं त्यानं "बऱ्याच वर" करून टाकलं. ज्या शब्दासाठी एवढा घोळ झाला नेमका तोच. बाकीचा सारांश वाचायला छान होता, एकदम गुळगुळीत, सगळे सगळ्याशी सहमत.

मग मी स्वतः चंग बांधून लिहायला लागली, तीन-तीन पानं, हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. मलाच परत वाचवत नव्हतं. आणि एक गोष्ट सांगूनच टाकते, मिनिट्स लिहायची वेळ आली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे किंवा अमरावतीवालीकडे वळतात. "ताई तुमचं छान असते लिहिणं." एवढं छान असते तर वाचा ना.

काकाजींचं प्रोसिडिंग बुक

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही काटोलला काकाजींकडे असतो. काकाजी विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव होते, सगळी नोकरी प्रोसिडिंग, म्हणजे सभांचं इतिवृत्त, लिहिण्यात गेली. गच्चीवर दूध आटत होतं आणि मी दसऱ्याचं रडगाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सभेत पहिला विषय कोणता राहते?"

मी म्हटलं पहिला विषय काय, जो महत्त्वाचा असेल तो.

"पहिला विषय एकच राहते बाई. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तुम्ही वाचता का मागचं?"

नाही वाचत. वाचायला पाठवतो. हे दोन्ही वेगळं आहे हे मला तिथं दूध ढवळताना कळलं. म्हणजे शब्द तर मी लहानपणापासून ऐकलेला, हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीत असतो, ग्रामसभेत असतो, आपण त्याला फॉर्मॅलिटी समजून पुढे जातो. काकाजी म्हणाले त्यांच्या गावात अर्धे सभासद सही ऐवजी अंगठा लावायचे, त्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचावंच लागायचं, आणि वाचलं की कोणीतरी हमखास उठायचं, "मी असं नव्हतो म्हटलं." तिथं भांडण व्हायचं ते झालेलं बरं. नंतर खतवाटपाच्या वेळी होण्यापेक्षा.

अजून दोन-तीन गोष्टी सांगितल्या. ठरावाला नंबर, आणि तो नंबर पुढे चालत राहतो, दर सभेला एकपासून सुरू नाही करायचा. सूचक आणि अनुमोदक, दोघांची नावं. खाडाखोड नाही, चुकलं तर रेघ मारून सही. पान अर्धं रिकामं राहिलं तर तिरपी रेघ, म्हणजे नंतर कोणी घुसवणार नाही. आणि जुना ठराव बदलायचा तर पुसायचा नाही, नवीन ठराव करायचा, "ठराव क्रमांक अमुक रद्द" असा.

नागपूरला येऊन आम्ही हेच ऑनलाइन केलं. एकच गूगल डॉक, सगळ्यात वर नवीन मीटिंग. व्हॉट्सॲपवर निर्णय लिहायचा नाही, तिथं फक्त लिंक. मीटिंग सुरू असतानाच लिहायचं आणि स्क्रीन शेअर करून लिहायचं, म्हणजे शेठजी बोलले की ते समोर उमटलेलं सगळ्यांना दिसते. चर्चा लिहायचीच नाही, फक्त ठराव. त्या फजितीवाल्या निर्णयालाच आम्ही पहिला नंबर दिला, तो असा आहे:

ठराव १. ओलावा १२ च्या वर असेल तरी पावती बनेल, भाव रिकामा, माल गंजी २. सूचक: शेठजी. अनुमोदक: पुणे. करणार: पुणे (स्क्रीन), टोरांटो (सर्व्हर). कधीपर्यंत: शुक्रवार. तपासणार: अमरावती, १२.४ आणि १४ टाकून.

अनुमोदकाचा अर्थ मात्र आम्ही थोडा बदलला. आमच्याकडे अनुमोदक तोच जो ते काम करणार आहे, आणि त्यानं नुसतं "हो" म्हणायचं नाही, त्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. पुणेवाल्यानं पहिल्या दिवशी म्हटलं, "म्हणजे पावती बनेल पण शेतकऱ्याला भाव कळणार नाही?" आणि शेठजी दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "त्याले अंदाजे भाव तर सांगा लागन." म्हणजे हा प्रश्न दसऱ्याच्या आधीच निघाला असता. टोरांटोवाला मीटिंगला नसतो तेव्हा तो त्याच्या सकाळी डॉकमध्ये ठरावाखाली "वाचलं" आणि एक ओळ लिहितो, ती ओळ आल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही. वेळ फक्त भारताची लिहायची हेही तेव्हाच ठरलं, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि आमचा साडेनऊ तासांचा फरक साडेदहाचा होतो, त्यात आमची एक मीटिंग वाया गेली होती.

मानेवाडावाला लिनक्सचा भक्त आहे, तो म्हणाला यात नवीन काय, डेबियन हे लिनक्स बनवणारे लोक मीटबॉट नावाचा बॉट कधीपासून वापरतात, चॅटवर बोलता बोलता हॅश लावून "अ‍ॅग्रीड" किंवा "अ‍ॅक्शन" लिहिलं की बॉट तेवढंच उचलून मिनिट्स बनवतो. पाहिलं, खरंच आहे, आणि विचार तोच आहे, की निर्णय झाला त्याच क्षणी सगळ्यांसमोर त्याला निर्णय म्हणायचं. कंपन्यांच्या बोर्ड मीटिंगला तर सेक्रेटेरियल स्टँडर्ड आहे, १५ दिवसांत कच्चे मिनिट्स पाठवायचे, डायरेक्टरांनी ७ दिवसांत काय ते सांगायचं, आणि ३० दिवसांत वहीत पक्की नोंद. आमचं एवढं मोठं नाही. आम्ही एक दिवस ठेवला.

पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला मागचे ठराव मोठ्यानं वाचायचे. सात-आठ मिनिटं जातात. पुणेवाला सुरुवातीला वैतागायचा, आम्हाला वाचता येत नाही का म्हणून. मी म्हटलं येते, म्हणूनच तर नाही वाचत. वाचून झालं की व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे डॉकच्या जुन्या आवृत्त्या राहतात तिथं, त्या व्हर्जनला नाव द्यायचं, "कायम" आणि तारीख. ही आमची अध्यक्षांची सही.

त्याचा उपयोग जानेवारीत झाला. कोणीतरी मोबाइलवर डॉक उघडला, बोट लागलं आणि ठराव ९ मधला आकडा उडाला, ओळ तशीच राहिली, "च्या वर असेल तर". कोणाला पत्ताच नाही. वाचताना मी अडखळली तेव्हा कळलं, आणि हिस्टरीत जाऊन दोन मिनिटांत परत आणला. कोणाचं बोट ते हिस्टरीत दिसते. सांगत नाही. तेव्हापासून लिहायचा अधिकार फक्त त्या दिवशी लिहिणाऱ्याला आणि मला, बाकीच्यांना कमेंट. आणि लिहिणारा दर मीटिंगला बदलतो, पुणेवालाही लिहितो, त्याचे ठराव इतके आखूड असतात की अनुमोदकालाच अर्धं बोलावं लागते. आधी लिंक असलेला कोणीही पाहू शकेल अशी सेटिंग होती, तीही बंद केली, त्यात भावाच्या गोष्टी असतात, शेजारच्या जिनिंगवाल्याच्या हाती लागल्या तर शेठजी आम्हाला गंजी २ मध्ये टाकतील.

जमलं नाही ते शेठजींचं. ते डॉक उघडत नाहीत, उघडणारही नाहीत. ठरावांचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्यावर अंगठा येतो. आता अंगठा म्हणजे वाचलं का? आमच्यात यावर चांगली दोन मीटिंग चर्चा झाली. काकाजींना विचारलं तर ते हसले, म्हणे आमच्या वेळी अंगठाच कायदेशीर होता. पण शेठजी सकाळच्या सुविचारालाही तोच अंगठा देतात. म्हणून त्यांचं आम्ही धरत नाही, त्यांना मीटिंगमध्ये वाचूनच दाखवतो.

मागच्या मंगळवारी पुणेवाला वाचत होता. ठराव ४७, भावातली कपात आठच्या वर सुरू. शेठजी मध्येच म्हणाले, "आठ? मी साडेआठ म्हटलं होतं." आम्हा पाचही जणांना आठ आठवते, स्क्रीनवर त्यांच्यासमोर आठ लिहिलं होतं, फोटो गेला होता, अंगठा आला होता. अमरावतीवालीनं म्यूट काढला आणि परत लावला. पुणेवाल्यानं आठ खोडलं नाही. खाली नवीन ओळ उघडली आणि बोलत बोलत टाइप केलं: ठराव ५२. ठराव ४७ रद्द. कपात ८.५ च्या वर. सूचक: शेठजी. अनुमोदक: टोरांटो, वाचल्यावर.